तीन पैंचा कर

करासंबंधीचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला खटला कोणता, असा प्रश्न एखाद्या सभेत निघाला तर आपले सभासद बहुधा विक्रीकराची एखादी जुनी आठवण सांगतील, किंवा नाक्यावर रात्रभर अडकून पडलेल्या मालमोटारीची. वस्तुतः तो मान तीन पैंच्या एका कराकडे जातो. तीन पै म्हणजे पाव आणा. आजच्या तरुण सभासदांस हे नाणे पाहण्याचाही योग आलेला नसेल. परंतु एवढ्याशा रकमेपासून सुरू झालेले भांडण तीन वेळा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यासाठी राज्याच्या विधानसभेस एक स्वतंत्र कायदा करावा लागला. धनिकांवर व मोठ्या कारखानदारांवर जास्त कर बसवावा की न बसवावा, याची चर्चा आज देशात आणि परदेशात जोराने चालू असताना ही हकीकत आपल्या स्मरणिकेत नमूद होणे उचित वाटते. पांढुर्णा व सौसर हे दोन्ही तालुके २०२३ च्या ऑक्टोबरात स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यात ती घडली आहे.

मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १९२० सालचा. त्या कायद्याखाली छिंदवाड्याच्या कोळसा-पट्ट्याकरिता खाणींचे एक स्वतंत्र लोकल बोर्ड स्थापन झाले होते. पेंच व कान्हान या नद्यांच्या खोऱ्यांत परासिया, जुन्नारदेव या बाजूस जमिनीखालून कोळसा निघत होता, मजूर हजारोंनी येत होते, आणि कोळसा रेल्वेने बाहेर जात होता. रस्ता झिजत होता तो येथला, दवाखान्यात गर्दी होत होती ती येथल्या. बोर्डाने १९३५ साली ठराव केला की, खाणीच्या तोंडाशी विकल्या जाणाऱ्या कोळशावर दर टनामागे तीन पै कर घ्यावा. सरकारची पूर्वमंजुरी मिळाली व कर सुरू झाला. पुढे युद्धाचा काळ आला, महागाई वाढली, बोर्डाचा खर्च वाढला, आणि कराचा दरही चढत चढत नऊ पैंवर गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांतात जनपद सभा आल्या, तेव्हा बोर्डाचा कारभार व त्याबरोबर हा करही छिंदवाड्याच्या जनपद सभेकडे आला.

येथे थोडा हिशेब मांडतो. रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. एक लाख टन कोळशावर तीन पैंप्रमाणे कर होतो १,५६२ रुपये ८ आणे. नऊ पैंप्रमाणे होतो ४,६८७ रुपये ८ आणे. म्हणजे लाख टनांमागे वादाची रक्कम अवघी ३,१२५ रुपये. कोळशाच्या कंपन्यांस ही रक्कम भारी होती असे कोणी म्हणणार नाही. जनपद सभेस मात्र तेवढ्यात बरेच काही करता आले असते.

कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, खनिजावर असा कर घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस आता उरलेला नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. घटनेपूर्वी जो कर कायदेशीरपणे चालू होता तो संसदेने अन्यथा ठरवीपर्यंत चालू राहू शकतो, असा त्याचा आधार होता. जनपद सभा जिंकली असे वाटले. परंतु कंपन्यांनी दुसऱ्या फेरीत निराळाच मुद्दा काढला : पहिल्या तीन पैंना सरकारची पूर्वमंजुरी होती हे खरे, पण पुढे वाढविलेल्या पैंना ती कोठे होती ? हा मुद्दा न्यायालयास पटला. दर वाढविणे हे नवा कर बसविण्यासारखेच असून त्यास मंजुरी अवश्य आहे, आणि एका वर्षाच्या कराविषयीचा जुना निकाल पुढच्या वर्षांस बांधून ठेवीत नाही, असे न्यायालयाने ठरविले. वाढीव पै गेल्या.

मग मध्यप्रदेशाच्या विधानसभेने १९६४ मध्ये कोळसा उपकर मान्य करणारा कायदा केला आणि जी वसुली बेकायदा ठरली होती ती कायदेशीर समजली जावी असे लिहिले. कंपन्या तिसऱ्यांदा गेल्या. १९७० साली न्यायालयाने तो कायदाही टिकू दिला नाही. मूळ दोष दुरुस्त न करता नुसते ‘आमचा कर वैध समजा’ असे म्हणून विधिमंडळास न्यायालयाचा निकाल पुसता येत नाही, हे तत्त्व त्या दिवशी पक्के झाले. पुढे देशभरच्या कर-खटल्यांत वकिलांनी छिंदवाडा जनपद सभेचे नाव घ्यावे, अशी प्रतिष्ठा आपल्या या आडवळणाच्या जिल्ह्यास लाभली ती अशी, हरून !

तीनच वर्षांनी, १९७३ साली, त्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तेथला कोळसा नागपुरात मुख्य कार्यालय असलेली सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी काढते. ज्या थोर मालकांवर कर बसवावयाचा होता ते मालकच राहिले नाहीत.

या हकीकतीचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो आणि आपल्या बाजारपेठेत दोन्ही प्रकारे लावणारे लोक भेटतात. एक म्हणतो, पाहा, मोठ्यांवर कर बसविणे सोपे नाही, ते वकील देतात, तीन पैंसाठीही देतात, आणि शेवटी ओझे आपल्यासारख्या किराणा-कापडवाल्यांवर येते. दुसरा म्हणतो, कर बसविणाराने नियम पाळला नाही, मग दोष देणार कोणास ? प्रस्तुत लेखकास दोघांचेही म्हणणे खरे वाटते. कर न्याय्य असूनही त्याची रीत चुकली की तो पडतो, आणि रीत चुकली आहे हे शोधून काढण्याची ऐपत मोठ्या करदात्यालाच असते. लहान दुकानदाराला नोटीस आली तर तो पेढीवरच्या मुनीमाला विचारतो, करसल्लागाराकडे जातो, आणि बहुधा भरून मोकळा होतो.

कापसाच्या बाबतीत अगदी असेच घडले आहे, व ते तर आपल्या धंद्याच्या फार जवळचे आहे. खंडव्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा नगरपालिकेशी झालेला वाद १९३४ साली थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला होता. वऱ्हाडात धामणगाव येथील नगरपालिका १९२२ च्या मध्यप्रांत नगरपालिका कायद्याखाली सरकी काढणाऱ्या व गाठी बांधणाऱ्या कारखान्यांकडून त्यांच्या कामाच्या मापाने कर घेत असे. जितका कापूस अधिक तितका कर अधिक. ज्याचा कारखाना मोठा, ज्याच्याकडे मजूर पुष्कळ, त्याने गावाला अधिक द्यावे, यात वावगे काय ? परंतु हा कर व्यवसायावरचा, आणि घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसायकराला एका माणसामागे वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातलेली. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेबाहेर घेतलेली रक्कम परत करण्याजोगी ठरविली.

ही मर्यादा आपल्या सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण आजच्या वादाचे निम्मे कुलूप तिच्यात आहे. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. मध्यप्रदेशात वृत्तिकर १९९५ पासून आहे, महाराष्ट्रात १९७५ पासून. परिणाम असा की, शाळेतील शिक्षक वर्षाला जेवढा व्यवसायकर भरतो तेवढाच एखाद्या प्रचंड कारखान्याचा संचालकही भरतो. राज्य सरकारने उद्या ‘थोरांकडून अधिक घेऊ’ असे मनात आणले तरी या वाटेने त्याला ते घेता येणार नाही.

तरीही या अडीच हजारांच्या कराने एके काळी मोठे काम केले आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतील माणूस कामाविना बसला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून पुरस्कारलेली रोजगार हमीची कल्पना त्या वेळी राज्यभर अमलात आली. पैसा कोठून आणावयाचा, तर शहरांतील नोकरदार, व्यावसायिक आणि व्यापारी यांच्याकडून. १९७५ चा व्यवसायकर त्यासाठीच आला, आणि जेवढे या करांतून जमेल तेवढीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. मुंबईच्या पेढीवरील कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये मराठवाड्यातील पाझर तलावावर खर्च व्हावयाचे. योजनेत गैरप्रकार झाले नाहीत असे नाही. पण पैसा कोणाकडून घेतला आणि कोणत्या कामास लावला, हे करदात्याला एका वाक्यात सांगता येत होते. करामागचे कारण असे स्पष्ट असले की माणूस कुरकुरतो, पण देतो, असा अनुभव आहे. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला याच योजनेचा आधार मिळाला.

आता केंद्राकडे वळू. उत्पन्नावरचा कर हा केंद्राचा. संपत्तीवरचा करही तेथूनच येत असे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ साली भारतासाठी एक अहवाल लिहिला. त्यात संपत्तीकर, खर्चावरचा कर, बक्षिसावरचा कर असे नवे कर सुचविले होते, आणि त्याबरोबर प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर आणावा असेही सुचविले होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये संपत्तीकर व व्ययकर आणले, १९५८ मध्ये दानकर आला, मृत्युकर १९५३ पासून होताच. नवे कर आले. ४५ टक्क्यांची गोष्ट मात्र बाजूस राहिली ! ज्या वैद्याने दोन पुड्या दिल्या त्यातली कडू तेवढी घेऊन गोड फेकून द्यावी, असा हा प्रकार.

दर चढतच गेले. १९७० नंतरच्या वर्षांत वरच्या पायरीवर अधिभार धरून प्राप्तिकर ९७.७५ टक्के झाला होता. म्हणजे त्या पायरीवर शंभर रुपये मिळविले तर घरी यावयाचे सव्वादोन रुपये. त्यावर संपत्तीकर निराळा. १९७१ साली वांच्छू समितीने सांगितले की असे दर हेच करचुकवेगिरीचे एक मोठे कारण आहे, ते ७५ टक्क्यांवर आणावेत. पुढे दर उतरू लागले, १९९७ मध्ये कमाल दर ३० टक्के झाला.

या कालखंडाविषयी आपल्या घरांत जे बोलले जाते ते येथे छापील अक्षरात लिहिणे थोडे अवघड आहे, पण लिहिले पाहिजे. कच्ची वही आणि पक्की वही, एक नंबर आणि दोन नंबर, हे शब्द आपल्या व्यापारी भाषेत रुजले ते त्या वर्षांत. ‘सरकार शंभरातले सत्त्याण्णव नेणार असेल तर माणसाने काय करावे,’ हे उत्तर वडीलधारी मंडळी देत, आणि त्यात तथ्य होते. परंतु दर ३० वर आला, मृत्युकर १९८५ साली गेला, दानकर १९९८ साली गेला, संपत्तीकर २०१६ पासून गेला, आणि तरीही ज्यांनी दुसरी वही बंद केली नाही त्यांच्याजवळ आता कोणते उत्तर आहे ? कारण गेले व सवय उरली, असेच म्हणावे लागेल.

आपल्या धर्माने या बाबतीत संदिग्धता ठेविलेली नाही. गृहस्थाच्या अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजने-मापे वापरणे, भेसळ करणे यांच्याच पंक्तीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा आहे. राज्याचे नियम डावलून व्यापार करणे हा अतिचार सूत्रकारांनी चोरीच्या सदरात घातला, खोटे बोलण्याच्या सदरात नव्हे, हे मार्मिक आहे. पर्युषणात आपण ही नावे ऐकतो. चातुर्मासातील एखाद्या प्रवचनात मुनिमहाराज वजनमापाविषयी बोलले की सभेत माना हालतात. विरुद्धराज्यातिक्रमाविषयी बोलले की सभा जरा शांत होते.

दुसरीकडे परिग्रहपरिमाणाचे व्रत आहे. श्रावकाने आपल्या संपत्तीला स्वतः मर्यादा घालावी, असे ते सांगते. काही बंधू यावरून असे प्रतिपादन करतात की, आमचा समाज स्वतःच दानरूपाने वाटून टाकतो, धर्मशाळा बांधतो, पाठशाळा चालवितो, गोशाळा व पांजरपोळ सांभाळतो, तेव्हा त्याच्यावर आणखी कर कशाला ? भामाशहा व जगडूशहा यांची नावे या ठिकाणी हटकून येतात. लेखकाचे मत नम्रपणे निराळे आहे. दान कोठे द्यावे हे देणारा ठरवितो, आणि ते योग्यच आहे. पण गावाच्या नालीला, तापाच्या साथीला, सरकारी दवाखान्यातील रात्रपाळीच्या परिचारिकेच्या पगाराला दान क्वचितच मिळते, कारण तेथे पाटी लावता येत नाही. तो खर्च करातूनच व्हावयाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास लावण्याचे बंधन घातले, तेही दान आणि कर यांच्या मधले काहीतरी आहे. सौसर तालुक्यात बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात ज्यांचे मोठे कारखाने आहेत त्यांस ते लागू पडते, आपल्या बहुतेक सभासदांस पडत नाही.

आता आजची चर्चा. संपत्तीकर रद्द करताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१५ च्या अंदाजपत्रकात सांगितले होते की, २०१३-१४ मध्ये साऱ्या देशातून त्या कराचे उत्पन्न १,००८ कोटी रुपये झाले. वसुलीची दगदग मोठी, पदरात पडते थोडे. त्याऐवजी एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांच्या अधिभारात दोन टक्के वाढ करण्यात आली. २०१९ मध्ये पाच कोटींच्या वरील उत्पन्नावर ३७ टक्के अधिभार आला व कराचा दर ४२.७४ टक्क्यांपर्यंत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपन्यांचा मूळ कर मात्र २२ टक्क्यांवर उतरविण्यात आला. २०२३ मध्ये नव्या कररचनेत वरचा अधिभारही २५ टक्क्यांवर आला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसाहक्कावरील कराचा विषय एकाएकी निघाला, दोन आठवडे गाजला, आणि कोणत्याही मोठ्या पक्षाने तो अंगाला लावून घेतला नाही.

परदेशांतही हीच ओढाताण आहे. फ्रान्सने दहा लाख युरोंहून अधिक पगारावर ७५ टक्के कर घेण्याचे योजले, न्यायसंस्थेने पहिला प्रयत्न अडविला, तेव्हा तो पगार देणाऱ्या मालकावर बसविला, आणि दोन वर्षांनी सोडून दिला. अमेरिकेत सिएटल शहराने २०२० मध्ये फार मोठ्या पगारपत्रकाच्या कंपन्यांवर कर ठरविला आणि वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये भांडवली नफ्यावर ७ टक्के कर केला. हा दुसरा कर रद्द करावा असा प्रस्ताव २०२४ मध्ये मतास टाकला असता मतदारांनी तो नाकारला. दोन्ही उदाहरणे दोन्ही पक्षांचे वक्ते आपापल्या सोयीने देतात.

अधिभाराच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. केंद्र जो कर गोळा करते त्यातील वाटा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तो ४१ टक्के ठरविला होता. परंतु अधिभार आणि उपकर या वाटपात येत नाहीत, ते संपूर्णपणे केंद्राकडे राहतात. म्हणजे मुंबईच्या कोट्यधीशावर कर वाढला की पांढुर्ण्याच्या रस्त्याला पैसा मिळेल, असे कोणी समजत असेल तर ते बरोबर नाही. कर ज्या नावाने वाढतो त्यावर त्याचा वाटा कोणास हे ठरते. ‘धनिकांवर कर वाढवा’ म्हणणाराने त्याबरोबर ‘तो कोणत्या नावाने वाढवाल ?’ हेही विचारले पाहिजे.

राज्याजवळ मग उरते काय ? जुलै २०१७ पासून विक्रीकर वस्तू व सेवा करात गेला आणि त्याचे दर परिषदेत ठरू लागले. राहिले मुद्रांक शुल्क, वाहनकर, मद्यावरील शुल्क, वीजशुल्क, पेट्रोल-डिझेलवरील कर, आणि नगरपालिकेचा मालमत्ताकर. यांतील पेट्रोल-डिझेलचा कर गरीब-श्रीमंत पाहत नाही. मळ्याला पाणी देणाऱ्या इंजिनात जे डिझेल जाते तेच शेठजींच्या मोटारीतही जाते.

शिवाय आपण सीमेवरचे लोक. १९३८ साली मध्यप्रांताने मोटार-स्पिरिटच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसविला तेव्हा नागपूर आणि पांढुर्णा एकाच प्रांतात होते, आणि तो कर घेण्याचा प्रांताचा अधिकार फेडरल न्यायालयाने मान्य केला होता. विक्रीकराचा १९४७ चा कायदाही दोन्हीकडे एकच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिले, आणि ज्या बाजारपेठेत आपले आजोबा सकाळच्या गाडीने जाऊन सायंकाळी परत येत ती परराज्य झाली. त्याच साली केंद्रीय विक्रीकराचा कायदा आला. १९५९ पासून मध्यप्रदेशाचा विक्रीकर कायदाही निराळा झाला. घरची भाषा मराठी, कापूस व संत्री नागपूरकडे जाणारी, आणि कागदपत्रे भोपाळची. साठ वर्षे आपण या नाक्यांशी संसार केला आहे. ज्या राज्याचा दर थोडा अधिक त्याच्या बाजूचा धंदा नरखेड, काटोल, वरूड, सावनेर येथे सरकतो, हे आपल्यास पुस्तकात वाचावे लागत नाही. म्हणून राज्याने मोठ्यांवर कर वाढविताना शेजारच्या राज्याचा दर पाहिला पाहिजे, हा आक्षेप आपण घेतला तर तो स्वार्थाचा ठरू नये.

संत्र्याच्या बागांविषयीही लिहिले पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर कर घेण्याचा अधिकार घटनेने राज्याला दिला आहे, आणि प्राप्तिकरातून ते उत्पन्न मोकळे आहे. १९७२ साली के. एन. राज समितीने मोठ्या शेतजमिनीवर कर घेण्याची योजना मांडली होती, ती बहुतांशी कागदावरच राहिली. आमचा एखादा व्यापारी बागेचा सौदा करतो, आंबिया बहराची गारपीट सोसतो, आणि नफ्यावर कर भरतो, तर शंभर एकरांचा बागवान काहीच भरत नाही, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण ती करताना आपल्यातील किती जणांनी उत्पन्न दाखविण्याच्या सोयीसाठी चार एकर घेऊन ठेविले आहेत, हेही मनाशी मोजावे.

“मोठ्यायनं मोठा कर द्यावा, आमचं काय जाते ?” असे आपल्याकडचा माणूस सहज म्हणतो. पेढीवर बसलेला आपला बंधू ते ऐकून अस्वस्थ होतो, कारण त्याला वाटते की मोठा म्हणजे आपणच. हा भ्रम दूर व्हावा असे लेखकास मनापासून वाटते. दहा-बारा माणसे कामाला असलेले कापडदुकान, दोन पिढ्यांची धान्याची आडत, एखादी जिनिंग, हे समाजात मोठे दिसते. कायद्याच्या दृष्टीने ते लहानच. पाच कोटींच्या वरील उत्पन्नावर अधिभार वाढला तर आपल्या संघाच्या बहुतेक सभासदांचा एक रुपयाही वाढत नाही. तरीही अशी बातमी आली की सर्वांत आधी निषेधाचा ठराव आपल्यासारख्या संघांत होतो, आणि ज्यांचा कर खरोखर वाढणार असतो ते गप्प राहून वकिलाची भेट घेतात. दुसऱ्याच्या थैलीसाठी आपण बाजार बंद ठेवावा काय, याचा विचार कार्यकारिणीने करावा. आपले खरे गाऱ्हाणे निराळे आहे : विवरणपत्रांची संख्या, एका चुकीच्या आकड्यावर येणारी नोटीस, परताव्याला लागणारा वेळ, आणि विसाव्या माणसाला कामावर घेताच भविष्यनिर्वाह निधीपासून सुरू होणारी सारी दप्तरे. मालक मोठा होऊ नये अशीच जणू ही व्यवस्था आहे. मोठ्यांवरचा कर वाढवून लहानांची ही दप्तरे कमी होत असतील तर आपण त्या कराच्या बाजूने का बोलू नये ?

नवा जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, अधिकारी आले. रुग्णालय, रस्ते, न्यायालय, पाणी यांचा खर्च पुढे येणार आहे. सौसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, बोरगावला कारखाने आहेत. ज्यांच्या मालमोटारी रस्ता अधिक झिजवितात त्यांनी अधिक द्यावे, हे १९३५ च्या त्या बोर्डाचे साधे म्हणणे होते, आणि ते आजही खोडून काढणे अवघड आहे. मात्र दर वाढविताना मंजुरीचा कागद घेण्याचे राहून गेले, आणि त्यापायी वाढीव पै गेल्या.

खनिजावरील कराचा तो प्रश्न न्यायालयात पुढेही अनेक वर्षे धुमसत राहिला. २००५ साली मध्यप्रदेशाने ग्रामीण रस्ते व सोयींसाठी खाणींच्या जमिनीवर कर घेणारा कायदा केला, त्यावरही खटले झाले. अखेर २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितले की, खाणीवरचे स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिज असलेल्या जमिनीवर कर घेण्याचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनच्या मागणीला वाट मोकळी झाली, जुन्या काळाचे व्याज व दंड माफ झाले, आणि थकलेली रक्कम १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्यांनी द्यावी असे ठरले. देणाऱ्यांत आता सरकारी कंपन्याही आहेत, आणि घेणारे राज्य सरकार आहे. त्यातून खाणीशेजारच्या गावापर्यंत किती पोहोचते, याचा हिशेब आपल्या संघाने दरवर्षी स्मरणिकेत छापावा, अशी सूचना लेखक कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.